मुक्या यंत्राची पाटी

टाकीतील पाण्याची पातळी मोजून ती घरातील फोनवर कळविणारे एखादे लहान यंत्र गच्चीवर बसविले आणि दुसऱ्या दिवशी फोनवर काहीच उमटले नाही, तर दोष कोणाचा समजावा? यंत्र बिघडले, वायफायचे जाळे बंद पडले, की मधल्या भिंतीने लहरी अडविल्या? यंत्राला तोंड नसते. ते मुकाट्याने बसून राहते आणि विनाकारण दोषी ठरते.

अशा यंत्राचा कारभार मायक्रोकंट्रोलर नावाची चिप पाहते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१४ साली आलेली ईएसपी ८२६६ ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. कारण वायफायची सोय तिच्या पोटातच आहे. वीज मिळताच ती जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द सांगून राउटरकडे प्रवेश मागते. राउटर तिला १९२.१६८.१.३७ यासारखा पत्ता देतो. हा पत्ता बहुधा धर्मशाळेतील खोलीसारखा असतो. आज मिळाली ती खोली उद्या मिळेलच असे नाही. तेव्हा तो यंत्रानेच सांगितलेला बरा.

त्यासाठी यंत्राला जेमतेम एक इंच कर्णाचा पडदा जोडतात. त्यावर १२८ स्तंभ व ६४ ओळी, म्हणजे ८१९२ ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो. जोडणीला चार तारा पुरतात. दोन विजेच्या, उरलेल्या दोहोंपैकी एकीवरून मजकूर जातो, तर दुसरी ताल धरते. ही दोन तारांची युक्ती फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. लहान रोमन अक्षरे घेतली तरी एका ओळीत एकवीसच मावतात. २०१३ साली बंद झालेल्या तारसेवेत लोक शब्द मोजून मजकूर लिहीत, तशीच काटकसर येथे करावी लागते. जाळ्याचे नाव, पत्ता आणि लहरींचे बळ एवढे लिहिले की पुरे. परवलीचा शब्द मात्र पडद्यावर कधीही लिहू नये. पाटी कोणीही वाचू शकतो.

बळाचा आकडा ऋण असतो, हे पाहून प्रथम नवल वाटते. एक मिलिवॉट शक्तीला येथे शून्य मानतात आणि दर दहा अंक खाली उतरताच शक्ती एकदशांश होते. म्हणजे उणे ६० हा मिलिवॉटचा दहा लाखावा भाग झाला! एवढ्यावरही काम चांगले चालते. आकडा उणे ८० च्या आसपास आला की संबंध तुटू लागतो. अशा वेळी यंत्र लोखंडी टाकीच्या आडून दोन हात बाजूला घेतले, तर आकडा पुष्कळदा तेथल्या तेथे सुधारतो, आणि दुरुस्तीचा खर्च वाचतो.

एक दक्षता मात्र घ्यावी लागते. पडद्यावर एकदा उमटलेली अक्षरे आपोआप पुसली जात नाहीत. संबंध तुटल्यावरही जुना पत्ता तसाच झळकत राहिला, तर पाटी खोटे बोलू लागते. आणि खोट्या पाटीपेक्षा कोरी पाटी बरी. यासाठी चिपने दर काही सेकंदांनी संबंधाची विचारपूस करावी, आणि तो नसल्यास पत्ता पुसून तसे स्पष्ट लिहावे, अशी आज्ञा कार्यक्रमात घालतात. शिवाय तेच ठिपके महिनोन्महिने पेटते राहिल्यास मंद होतात. म्हणून एखादे बटण बसवून, ते दाबल्यावर मिनिटभरच पडदा उजळेल, अशी व्यवस्था करतात.