विनाइलची फरशी निवडताना आधी ओल तपासा

काटोल परिसरात संत्र्याचा बहार विकून हाती चार पैसे आले, की घराच्या डागडुजीचा विषय निघतो. जुनी शहाबादी फरशी उखडायची म्हणजे तोडफोड, मलबा आणि गैरसोय ठरलेलीच. त्यामुळे जुन्या फरशीवरच अंथरता येणाऱ्या विनाइलकडे अनेकांचे लक्ष वळते. मात्र केवळ रंग आणि नक्षी पाहून केलेली खरेदी पहिल्याच पावसाळ्यात पस्तावायला लावू शकते.

विनाइल म्हणजे पीव्हीसी हे प्लॅस्टिक. अमेरिकी रसायनतज्ज्ञ वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये ते लवचिक करण्याची पद्धत शोधली. पाण्याने ते खराब होत नाही. पण खालून येणारी ओलही ते बाहेर पडू देत नाही. मग गोंद सुटतो, कोपरे वर येतात आणि खाली बुरशी धरते. काळ्या मातीवरील जुन्या, तळमजल्याच्या घरांत हा धोका अधिक. ही माती पाणी धरून ठेवते; पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

ओल तपासण्याचा उपाय सोपा आहे. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. दुसऱ्या दिवशी खाली थेंब किंवा काळसर डाग दिसल्यास विनाइलचा विचार सोडावा. मृग बहाराचा पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा जमीन कोरडी असते. म्हणून तेवढ्या एका चाचणीवर विसंबू नये. भिंतींच्या पायथ्याशी पोपडे किंवा पांढरे क्षार आहेत का, हेही पाहावे.

विनाइल गुंडाळी, चौकोनी टाइल्स आणि लाकडासारख्या पट्ट्या अशा स्वरूपात मिळते. त्याचे आयुष्य एकूण जाडीपेक्षा वरच्या पारदर्शक संरक्षक थरावर ठरते. झोपण्याच्या खोलीस ०.३ मिलिमीटरचा थर सहसा पुरतो. वर्दळीच्या बैठकीसाठी ०.५ मिलिमीटरचा घ्यावा. एकाच जाडीच्या दोन नमुन्यांत हा थर वेगळा असू शकतो. त्यामुळे तो विचारून बिलावर लिहून घ्यावा.

मापही आधी कागदावर मांडावे. दोन मीटर रुंदीची गुंडाळी १० बाय १२ फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेने अंथरल्यास सुमारे १५७ चौरस फूट माल लागतो. आडवी अंथरल्यास १३१ चौरस फुटांत काम भागते. खोली तीच, खर्च मात्र वेगळा.

विदर्भाच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या कडक उन्हाने रंग फिका पडतो आणि पट्ट्या फुगतात. म्हणून एकमेकांत अडकवायच्या पट्ट्या बसवताना भिंतीलगत थोडी फट सोडावी लागते. कूलरचे झिरपलेले पाणी जोडांतून खाली जाते. रबरी पायपुसण्यांचे पिवळे डाग कायमचे राहतात. गरम पातेले किंवा देवघरातील उदबत्तीचा निखारा पडल्यास तेथे चट्टा उमटतो.

वरच्या मजल्यावरील कोरड्या, सपाट खोलीसाठी विनाइल सोयीचे आहे. ते पायाला मऊ लागते आणि पुसायला सोपे जाते. तळमजल्यावर ओल असेल, तर मात्र जुनी शहाबादीच घासून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.