शाळेचे हस्तलिखित

विद्यार्थी निबंध लिहितो, शिक्षक तांबड्या शाईने त्यातील चुका दाखवितात आणि वही पुन्हा दप्तरात जाते. त्या निबंधाला वाचक एकच. परंतु तोच निबंध शाळेच्या भित्तिपत्रकात लावला, किंवा हस्तलिखित मासिकात बांधला, की सारी शाळा त्याची वाचक होते. एवढ्याशा फरकाने लिहिणाऱ्याची वृत्तीच पालटते.

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेकडे पूर्णेचे खोरे आहे. या खोऱ्यातील बराचसा भाग खारपाणपट्टा होय. तेथील विहिरींचे पाणी खारट असते. समजा, तेथील एका मुलाने ‘आमच्या गावचे पाणी’ या विषयावर लिहावयाचे ठरविले. केवळ वहीसाठी लिहिताना त्याने चार ठरीव वाक्यांत काम भागविले असते. परंतु आता त्याचा लेख त्याच विहिरीचे पाणी भरणारी मुले वाचणार! मग तो विहिरीवर जातो, पूर्वी गोडे पाणी कोठून आणीत हे आजीला विचारतो, गावात नळ केव्हा आला याची चौकशी करतो.

इतके करूनही नळाचे साल चुकते. एक वर्गमित्र आपल्या आजोबांकडून खरे साल विचारून येतो. लेखकाला क्षणभर लाज वाटते. तथापि पुढील अंकात तो स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहितो. तांबड्या शाईने जे साधले नसते, ते येथे साधते. आपण लिहिलेल्यावर लोक विश्वास ठेवतात, म्हणून ते खरे असले पाहिजे, हे त्याला कळते.

ही कल्पना नवी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवीत. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकानेही असाच प्रयोग केला. पहिल्या महायुद्धात फुफ्फुसाला जखम झाल्यामुळे त्याला वर्गात फार वेळ बोलवत नसे. १९२४ साली त्याने वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुले आपले अनुभव लिहीत, खिळे जुळवून ते छापीत आणि दूरच्या शाळेतील मुलांना पाठवीत. तिकडूनही तसेच अंक येत.

हस्तलिखिताला खर्च फारसा लागत नाही. कोरे कागद, सुवाच्य अक्षर, दोनचार चित्रे आणि मुलांचेच संपादक मंडळ एवढे पुरे. मात्र संपादकांनी दोन नियम पाळावेत : ऐकीव गोष्ट पडताळल्यावाचून घेऊ नये आणि कोणाची टवाळी छापू नये. आज काही शाळांत हेच कार्य संगणकावरही चालते. साधन कोणतेही असो, वाचकाविषयीची जबाबदारी तीच राहते. ज्याला ती लहानपणीच उमगली, त्याची लेखणी पुढेही सहसा खोटे लिहीत नाही.