शरदातली शेतसहल: चला सीताफळाच्या बागेत!

हुरड्याला अजून अवकाश आहे. पण छत्रपती संभाजीनगरकरांनो, ऑक्टोबरात शेतावर जायला दौलताबाद परिसरातलं सीताफळ हे भक्कम निमित्त आहे! बाग राखणाऱ्या कुटुंबासोबत मुलांना तोडणी करू द्या. फळाचे डोळे उघडले, मधल्या खाचा पिवळसर दिसल्या की फळ तोडायला आलं. थोडा देठ ठेवून तोडायचं. घरी दोन-चार दिवसांत पिकतं. झाडावरच राहिलं तर उकलतं आणि पाखरं फस्त करतात. शेजारी कपाशी फुटली असेल तर तीही वेचून बघा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, तेव्हा वेचणाऱ्या बायांचे कष्ट नीट कळतात. मालकाला आधी विचारून जा आणि फळं थेट त्यांच्याकडूनच विकत घ्या.