वीसपैकी चौदा : संख्याशास्त्रीय अनुमान व आपली चिकित्सा

अनुमान आपणांस नवे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितलेली आहे. थोडे पाहून न पाहिलेल्याविषयी निष्कर्ष काढणे, हेच अनुमानात्मक संख्याशास्त्राचेही कार्य. मात्र त्या निष्कर्षात योगायोगाचा वाटा किती असू शकेल, हे ते शास्त्र आकड्यांत मांडते.

समजा, डोंगरकडा (जि. हिंगोली) येथील एखाद्या वैद्याने संधिशूलाच्या 20 रुग्णांना एक कल्प दिला व महिनाअखेर 14 जणांस उपशय मिळाला. शेकडा 70! एवढ्या आधारावर वेष्टनावरील मजकूर तयार होतो. परंतु संधिशूल ऋतुमानाने, विश्रांतीने, पथ्याने, किंबहुना वैद्यावरील विश्वासानेही कमी होतो. म्हणून प्रथम पूर्वपक्ष मांडावयाचा : कल्पात गुण नाही, त्याच्याशिवायही निम्म्या रुग्णांना बरे वाटलेच असते. हे ‘शून्य गृहीतक’. (‘निम्मे’ हे प्रमाण येथे सोयीसाठी घेतले आहे, प्रत्यक्षात त्यासाठी तुलनेचा गट लागतो आणि आपल्याकडील बहुतेक टिपणांत नेमका तोच नसतो.)

हे गृहीतक खरे मानल्यास 14 किंवा अधिक रुग्णांना निव्वळ योगायोगाने बरे वाटण्याची संभाव्यता सुमारे 5.8 टक्के येते. 15 जणांना उपशय मिळाला असता तर 2.1 टक्के. आर. ए. फिशर यांच्या 1925 च्या ग्रंथापासून रूढ झालेली मर्यादा 5 टक्क्यांची आहे. म्हणजे एका रुग्णाने निकाल फिरतो. ही मर्यादा केवळ संकेत आहे, हे यावरून ध्यानी यावे. तेच शेकडा 70 हे प्रमाण 50 पैकी 35 असे आले, तर संभाव्यता हजारात सुमारे 3 इतकीच उरते.

येथे एक गैरसमज फार आढळतो. 5.8 टक्के म्हणजे ‘औषध निरुपयोगी असण्याची शक्यता’ नव्हे. औषध निरुपयोगी मानले तर असा निकाल किती वेळा दिसेल, एवढेच ती संख्या सांगते. तसेच गृहीतक फेटाळता आले नाही म्हणून औषध निर्गुण ठरत नाही. रुग्ण थोडे असतील तर खरा गुणही नजरेतून निसटतो.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. अश्वगंधा, शल्लकी, शुंठी व हरिद्रा (हिंगोलीकरांच्या शेतातलीच!) यांचा कल्प ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या 182 रुग्णांत 16 आठवडे छद्मौषधाशी ताडून पाहिला गेला. छद्मौषधाच्या गटातही लक्षणीय सुधारणा दिसली. सांध्यांच्या सुजेत फरक सार्थ ठरला, इतर बहुतेक मापांत ठरला नाही. आणि लेखकांनी दोन्ही गोष्टी छापल्या. आम्हांस हे मोलाचे वाटते. कारण निर्गुण औषधाचीही 20 स्वतंत्र लक्षणांवर परीक्षा केली, तर सरासरी एक लक्षण योगायोगाने ‘सार्थ’ ठरतेच. तेवढेच निवडून छापणे औषधविक्रेत्यास सोपे असते. पैसे रुग्णाचे जातात.

म्हणून प्रमुख लक्षण कोणते, रुग्ण किती व तुलना कशाशी, हे पहिली पुडी देण्यापूर्वीच लिहून ठेवावे. फार्मसीचालकांनी हाच न्याय कच्च्या मालास लावावा : हळदीच्या एकाच पोत्यातील मूठभर नमुन्यावरून सबंध गाडीची परीक्षा होत नाही, पोती चिठ्ठ्या टाकून निवडावीत.