सावलीच्या परसात अबोली

शहापूर-मुरबाडच्या गटांच्या बैठकीत आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येतं, "परसात आंब्या-फणसाची सावली, तिथं काही होत नाही." आज त्याच जागेसाठी एक झाड सांगतो, अबोली.

अबोली आपल्याच देशातली. झुडूप फार तर कमरेएवढं, बारमाही हिरवं, आडवं पसरणारं. सावली तिला चालते, पण गर्द काळोखात नुसती पानं वाढतात. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि दुपारी सावली, अशी जागा निवडा.

लागवड पावसाच्या सुरुवातीला करा. साध्या अबोलीचं बी मिळतं. तिच्या वाळलेल्या बोंडावर पाणी पडलं की ते तडकतं आणि बी दूर उडतं. म्हणून बोंडं पावसाआधीच काढून कोरड्या कापडी पिशवीत ठेवा. दिल्ली अबोलीला बी धरत नाही. तिची वीतभर फांदी खालची पानं काढून लावायची.

आपल्याकडचा पाऊस धो-धो. मुळाशी पाणी साचलं की झाड कुजतं, म्हणून वाफा वीतभर उंच करा. कुजलेलं शेणखत मिसळा आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. पानं पिवळी पडून झाड खुरटलं तर एक रोप उपटून मुळं बघा. गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी. तशी रोपं काढून टाका, त्या जागी आधी झेंडू घ्या आणि मातीत निंबोळी पेंड घाला.

आता पाण्याचं. भातसा, तानसा ही धरणं आपल्या शहापुरात, पाणी जातं मुंबईला आणि मे महिन्यात आपल्या पाड्यांत टँकरची वाट. फुलासाठी वेगळा हंडा कुणी डोक्यावर आणू नये. मोरीचं, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वळवा. कपड्यांचं साबण-सोड्याचं पाणी मात्र घालू नका. बुडाशी पालापाचोळा पसरा, ओल टिकते. घरात जेवढं पाणी उरतं, तेवढीच झाडं लावा.

कणसावर फुलं खालून वर उमलत जातात. एक दिवसाआड सकाळी लवकर तोडा. कणीस संपलं की छाटा, नवे फुटवे येतात. फूल वजनाला फार हलकं, म्हणून किलोवर देण्यापेक्षा वेणी ओवून नगावर विका. अबोलीला वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही. सोबत मोगरा किंवा मरवा घाला. मुरबाडचा बाजार असो की आसनगावहून गाडीनं कल्याण, लागवडीआधी फूलवालीला विचारा, किती वेण्या घेशील आणि कोणत्या दिवसांत?

शेवटी एक गोष्ट. आपल्या गटांत विधवा बहिणीही आहेत. फुलं त्या वाढवतात, वेणी त्या ओवतात, पण माळायला हात पुढे होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आपल्या गावात ठराव झाला आहे का, हे ग्रामसभेत विचारू. वेणी विकायची की माळायची, हे जिचं झाड तिनंच ठरवावं.