महामार्गावर रेंज, शिवारात काय?

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची चाचणी-मोटार म्हणजे हँडसेटांची रांग, शेजारी लॅपटॉप आणि जीपीएस. एकामागून एक कॉल आपोआप लागत राहतात; कुठे तुटला, डेटा किती वेगाने आला, हे ठिकाणासह नोंदलं जातं. या मोटारी शहरांतून आणि महामार्गांवरून फिरतात. पद्धत चांगलीच आहे. पण नागपूर-अमरावती महामार्गावरून अशी मोटार गेली, तर तिवसा आणि गुरुकुंज मोझरी मोजले जातील. वर्धेकाठचं कौंडण्यपूर, आतल्या संत्रा बागा, टिनाखालची घरं राहून जातील. नेटवर्क जिथे वापरलं जातं तिथेच मोजलं नाही, तर ते सुधारणार कसं? वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे नवं नाही: महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस पडतो आणि त्याचं शिवार कोरडं राहतं. कंपन्यांची कामगिरीसुद्धा वर्षानुवर्षे मुंबई वगळून महाराष्ट्र-गोवा या अख्ख्या दूरसंचार परिमंडळाच्या सरासरीवर जोखली गेली. त्या सरासरीत तिवसा तालुका कुठे दिसणार?

यावर अभियंते म्हणतील, सगळीकडे जायची गरज नाही, सूत्रांनी रेंजचा अंदाज बांधता येतो. येतो खरा, पण ती सूत्रंही मोजूनच आली आहेत. योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो परिसरात गाडीतून फिरत लहरींची तीव्रता मोजली आणि १९६८ साली आलेख प्रसिद्ध केले. मासाहारू हाता यांनी १९८० मध्ये ते सूत्रांत बसवले. मोबाइलचा इतिहास निघाला की हातातल्या मोबाइल फोनचे जनक मार्टिन कूपर आठवतात. अभियांत्रिकीच्या २०१३च्या ड्रेपर पुरस्कारात त्यांच्या शेजारी ओकुमुरांचंही नाव होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. टॉवरच्या आखणीत त्यांचं काम आजही उपयोगी पडतं. मोकळ्या रानासाठी त्यात दुरुस्ती आहे, पण पावसाळ्यात ओल्या पानांनी किती लहरी शोषल्या आणि टिनाने किती परतवल्या, हे तिथे जाऊनच कळतं.

दुसरा आक्षेप: टॉवर वाढवा, फाइव्ह-जी आणा, मोजत काय बसायचं? पण साध्या अँटेनांमध्ये, मोकळ्या जागेतसुद्धा, फाइव्ह-जीच्या ३५०० मेगाहर्ट्झवर पोहोचणारी शक्ती ७०० मेगाहर्ट्झवरच्या शक्तीचा पंचविसावा भाग असते. आणि टॉवर वाढवून शेजारच्या टॉवरच्या लहरी एकमेकींत घुसल्या, तर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसूनही डेटा रखडतो. शिवाय काड्या फक्त येणारी बाजू दाखवतात. टॉवरची ताकद दहा-वीस वॅटच्या घरात, प्रसंगी त्याहून जास्त. फोर-जी फोनची साधारण कमाल ०.२ वॅट. फोनला टॉवर ऐकू येतो, टॉवरला फोन नाही. म्हणून चाचणी दोन्ही बाजूंनी हवी. खर्चाचं म्हणाल, तर गावोगावी मोटारी पाठवायची गरजच नाही. हातातला फोनच मोजमाप करतो. ‘ट्राय’चं मायस्पीड ॲप त्यासाठीच आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या नियमांनी कंपन्यांना रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवायला लावलं आहे. आपल्या गावाचा नकाशा उघडा, बांधावर आणि घरात चाचणी घ्या, आणि नकाशा चुकीचा निघाला तर नोंदींसह कंपनीकडे लेखी तक्रार करा.