टर्बो मोठा, गिअरबॉक्स तोच

आजचा विषय मोटारीचा आहे. परंतु ज्याच्या दारी मोटार नाही, त्यानेही तो समजून घेण्यासारखा आहे. द्राक्षाचे वर्ष बरे गेले की आपल्या निफाड तालुक्यात अंगणात नवी गाडी उभी राहते, आणि थोड्याच दिवसांत घरच्या तरुणाला वाटू लागते की, हिला आणखी मोठा टर्बो बसवावा. गाडी ऑटोमॅटिक असेल, तर या हौसेचा भार कोणावर पडतो, तेवढे आज पाहावयाचे आहे.

प्रथम टर्बो म्हणजे काय? इंजिनात इंधन जाळावयाचे तर हवा पाहिजे. हवा अधिक, तर इंधन अधिक जळते आणि जोरही अधिक मिळतो. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन लहान चक्रे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो. दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. दाबलेली हवा तापते व तापली की विरळ होते. म्हणून तिला इंटरकूलरमधून नेऊन निफाडच्या पौषातील पहाटेसारखी थंड व दाट करण्याचा प्रयत्न असतो. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

आता गिअरबॉक्सकडे वळू. साध्या गाडीत चालकाचा पाय क्लच दाबतो. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करते. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर ठेवलेले दोन पंखेच म्हणा ना! इंजिनाचा पंखा तेल फेकतो आणि त्या माऱ्याने दुसरा फिरतो. मधला तिसरा भाग परतणाऱ्या तेलाला वळण देतो. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुपटीपर्यंत वाढून पुढे जातो. आत क्लचप्लेटांचे गठ्ठे असतात. तेलाचा दाब त्यांना घट्ट आवळतो, आणि त्या पकडीवरच सारा जोर चाकांपर्यंत पोहोचतो.

मोठ्या टर्बोने जोर वाढला आणि पकड तेवढीच राहिली, तर प्लेटा घसरतात. घसरल्या की तापतात. तेल काळे पडते, त्याला करपट वास येतो. झिजलेला चुरा तेलाच्या अरुंद वाटांत अडकतो आणि दाब आणखी घटतो. आजच्या गाडीत संगणकाचाही भाग आहे. इंजिनाचा संगणक गिअरबॉक्सला आपला जोर कळवितो व त्या हिशेबाने तेलाचा दाब ठरतो. गॅरेजने जोर वाढविला, पण कळविण्याचा आकडा जुनाच ठेवला, तर काय होईल? पोत्यावर ५० किलो लिहून आत ८० किलो भरावे आणि ते हमालाच्या पाठीवर द्यावे, तसे होईल. दोष हमालाचा नसतो. पाठ मात्र त्याचीच मोडते.

याचा अर्थ ऑटोमॅटिक दुबळाच असतो, असा नव्हे. नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या महिंद्र थारचे २०२० सालचे पेट्रोल मॉडेल घ्या. साध्या गिअरबॉक्सबरोबर त्या इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, तर ऑटोमॅटिकबरोबर ३२० ठेवला होता. शिवाय गिअर बदलताना इंजिनाचा दम तुटत नाही, ही ऑटोमॅटिकची जमेची बाजू आहे. उलट, १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने कोर्वेअर गाडीला टर्बो दिला, तेव्हा तो ऑटोमॅटिकबरोबर दिलाच नाही. प्रत्येक जोडीची मर्यादा आधी मोजावी लागते, हाच त्यातील बोध.

तेव्हा ज्याला हे काम करावयाचेच आहे, त्याने क्रम उलटा धरावा. आधी गिअरबॉक्स किती टॉर्क सोसतो, ते पाहावे. मग तेल थंड करणारा मोठा कूलर, योग्य जातीचे ताजे तेल, गरज पडल्यास मजबूत क्लचप्लेटा व इंजिनाला जुळणारा कन्व्हर्टर. त्यानंतर टर्बो, आणि दोन्ही संगणकांचा हिशेब एकत्र बसवावा. ब्रेक विसरू नयेत. वाढलेला वेग शेवटी त्यांनाच आवरावयाचा असतो.

कायद्याचे बंधनही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार असा बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून गाडी रस्त्यावर चालवावयाची असेल, तर परवानगीचा प्रश्न पहिला, खर्चाचा नंतरचा.

गॅरेजात काम करणाऱ्या मुलांना माझे एक सांगणे आहे. मालक म्हणतो, "एवढे बसवून दे," आणि पुढे गिअरबॉक्स बसला की खापर तुमच्या डोक्यावर फुटते. काम बेकायदा असेल तर तोंडावर नाही म्हणा; कायदेशीर असेल तर काय बसविले व काय बसविण्याचे मालकाने नाकारले, ते कागदावर लिहून त्याची सही घ्या.

गिरणीत पुढच्या यंत्राचा वेग वाढवून मागच्या खात्यात माणसे तेवढीच ठेवली, तर उत्पादन वाढत नाही. मागचा कामगार आजारी पडतो. मोटारीचेही तसेच आहे. जोर वाढविण्यास माझा विरोध नाही. परंतु जो तो जोर वाहणार, त्याला आधी विचारावे.